कुमार गट सुटल्यावर पोरानं जायचं कुठं?



आपल्या या पत्रिकेत ऊसविकासाची, उताऱ्याची आणि बिलाच्या हप्त्यांची माहिती नेहमी येते. खोडव्याचे पाचट का जाळू नये, खताची मात्रा कधी द्यावी, ठिबक कसे बसवावे, हे सगळे आपल्या पोटाशी निगडित आहे आणि ते आलेच पाहिजे. आज मात्र थोडी जागा मागून घेऊन एका वेगळ्या पिकाविषयी चार शब्द लिहितो. हे पीक आपल्या प्रत्येक गावात येते, चांगले जोमाने येते, आणि ऐन भरात पाणी तुटल्यामुळे वाळून जाते. कबड्डी खेळणाऱ्या आपल्या पोरापोरींविषयी मी बोलतो आहे.

गावात किशोर गट आहे, म्हणजे सोळा वर्षांच्या आतला. त्याच्या वर कुमार गट आहे, वीस वर्षांच्या आतला. शाळेच्या स्पर्धा आहेत, तालुक्याच्या आहेत, जिल्हा निवड चाचणी आहे. इथपर्यंत पोराला हाताला धरून नेणारे कुणी ना कुणी भेटते. कुठे शाळेचे क्रीडाशिक्षक असतात, कुठे तालमीतला एखादा जुना गडी असतो. दुसऱ्या टोकाला २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी लीग आहे. तिथे दिवे आहेत, मॅट आहे, दूरदर्शन संच लावला की घरबसल्या दिसते आणि पैसाही आहे. पहिल्या वर्षीच्या बोलीत सर्वांत महाग गडी राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांची बोली लागली. नऊ वर्षांत आकडा वीस पटींवर गेला.

पण या दोन टोकांच्या मधे काय आहे? अठराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत पोराने काय खायचे, कुठे राहायचे, कुणाशी सराव करायचा, आणि गुडघा फिरला तर दवाखान्याचे बिल कुणी भरायचे? आमचे सगळे दुखणे या मधल्या पाच वर्षांत आहे. त्यावर कारखान्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही सभासदांनी, काही करावे असे मला वाटते. ते काय करावे हे सांगण्याआधी ही मधली वाट पूर्वी कशी होती ते बघू, कारण ती होती, आणि चांगली वहिवाटीची होती.

गिरणगावाची वाट

मुंबईत पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५४ साली उभी राहू लागली. पुढच्या काळात भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी हा सगळा टापू गिरण्यांनी भरला, आणि त्याला गिरणगाव नाव पडले. कोकणातली आणि आपल्या घाटावरची माणसे तिकडे गेली. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे तिथे गाळ्यात राहिले, खानावळीत जेवले आणि महिन्याकाठी गावाला मनिऑर्डर करत राहिले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ही माणसे सुटीच्या वेळी मैदानावर उतरत. कबड्डीला लागते काय? दोन हात जागा, चुन्याच्या चार रेघा आणि चौदा माणसे. चाळीच्या मागच्या अंगणातसुद्धा भागते. म्हणून हा खेळ गिरणगावात असा रुजला की लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर या पट्ट्यात गल्लीगणिक मंडळ झाले. दादरचा विजय क्लब आणि अमर हिंद मंडळ, परळकडचे शिवशक्ती महिला संघ आणि डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब ही नावे कबड्डीच्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाहीत. ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना आणि परळचे लाल मैदान इथे सामने लागले की बघणाऱ्यांची रीघ लागे.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी की, चांगला खेळणाऱ्या पोराला तिथे भाकरी मिळत असे. गिरणीचा संघ असे. चढाई चांगली करणारा गडी आधी बदली कामगार म्हणून का होईना, खात्यात घेतला जाई. दिवसा साच्यावर काम, संध्याकाळी मैदान. पगार थोडा असला तरी महिन्याच्या महिन्याला होता. गावाहून आलेल्या पोराला झोपायला गावकीची खोली होती आणि सरावाला आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, मुरलेली माणसे होती. विसाव्या वर्षी कच्चे असलेले पोर पंचविसाव्या वर्षी पक्के होऊन निघे ते या सगळ्यामुळे. कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ साली महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना मिळाला. अशी माणसे अचानक आकाशातून पडत नाहीत. त्यांच्यामागे शेकडो गड्यांचा रोजचा राबता असावा लागतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले. संपाने आपल्या गावांचे काय झाले हे नव्याने सांगायला नको. पण त्याबरोबर कबड्डीची ही पहिली शिडीही मोडली, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

त्यानंतर काही वर्षे बँका, रेल्वे, पोलीस, बेस्ट आणि मोठ्या कंपन्या यांनी ती जागा भरून काढली. आपल्याकडच्या स्पर्धांच्या पत्रकावर ‘विशेष व्यावसायिक गट’ असे छापलेले तुम्ही पाहिले असेल, तो हाच. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, मुंबई पोलीस, अशी नावे त्यात असत. आता याही फळ्या सैल होत चालल्या आहेत. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून टाटांकडे गेली. कायम भरती कमी झाली आणि वर्षावर्षाचे करार वाढले. कराराच्या गड्याचे असे असते की, खेळतोय तोवर साहेब, पाय मोडला की घरी.

जे पोचले ते कसे पोचले?

कुणी म्हणेल, वाट बंद आहे म्हणता, मग आपली पोरे लीगमध्ये दिसतात ती कशी? चांगला प्रश्न आहे. त्यातली दोन-तीन उदाहरणे बघू.

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. आपल्यासारख्याच ऊस पिकवणाऱ्या मुलखातला. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. ही झाली वर्तमानपत्रात आलेली गोष्ट. त्याच्या आधीची गोष्ट अशी की, लीगमध्ये येण्यापूर्वी तो एअर इंडियाच्या संघातून खेळत होता. म्हणजे हुंदळेवाडी आणि लीग यांच्या मधे मुंबईच्या एका व्यावसायिक संघाचा टप्पा होता.

रिशांक देवाडिगा हा मुंबईचाच. त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी लीगमध्ये त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. त्याच्याही पाठीशी भारत पेट्रोलियमची नोकरी होती.

मुलींमध्ये सोनाली शिंगटे. लोअर परळची मुलगी, महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकली, शिवशक्ती संघाकडून घडली, पश्चिम रेल्वेत लागली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ती होती आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही होती. मधल्या सात वर्षांत तिला टिकवून धरणारी गोष्ट म्हणजे मंडळाचे मैदान आणि रेल्वेचा पगार.

हा खेळ सोडून हॉकीकडे पाहिले तरी तेच दिसेल. धनराज पिल्ले खडकीचा. गरिबीत वाढलेला हा मुलगा मुंबईला आला, महिंद्र अँड महिंद्रच्या संघात लागला आणि तिथून भारताच्या संघात गेला. चार ऑलिम्पिक खेळला. खडकीच्या मैदानावर त्याच्या तोडीचे आणखी कुणी नसेलच असे कोण सांगेल? मुंबईत त्याला धरणारा एक संघ मिळाला, हे मात्र नक्की.

तेव्हा ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाहीत, उलट त्याला बळ देतात. जो पोचला त्याला मधली पायरी मिळाली होती. ज्याला मिळाली नाही त्याचे नाव आपल्याला ठाऊकच नाही, कारण तो आज कुठे तरी ट्रॅक्टर चालवतो आहे, नाही तर औद्योगिक वसाहतीत बारा तासांच्या पाळीवर आहे. काम कुठलेच हलके नसते. पण ज्याच्या अंगात दुसरे काही करण्याची धमक होती, त्याला ते करून बघण्याची संधीच मिळाली नाही, याची खंत वाटायला हवी.

हिशेबही नीट समजून घ्या. लीगमध्ये बारा संघ. एका संघात वीस-पंचवीस गडी. म्हणजे सगळ्या देशातून, शिवाय इराणसारख्या बाहेरच्या देशांतून, मिळून तीनशेच्या आत माणसे. हरियाणाची पोरे त्यात भरपूर. मग आपल्या पंचक्रोशीतून किती जाणार? दहा वर्षांत एखादा गेला तर नवल. म्हणून पोराला ‘लीगमध्ये जा’ म्हणून पाठवणे म्हणजे सोडतीचे तिकीट हातात देणे आहे. मधली पायरी हवी ती दोन्हींसाठी. वर चढणाऱ्याला चढता यावे, आणि न चढणाऱ्याला हातपाय न मोडता, शिक्षण न गमावता, पोटाचा काही धंदा हाताशी ठेवून खाली उतरता यावे.

मुलींच्या बाबतीत तर वरचे टोकसुद्धा नाही. २०१६ साली लीगबरोबर तीन संघांची महिलांची एक छोटी स्पर्धा घेतली गेली. ती त्या वर्षापुरतीच राहिली. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या. एवढे असूनही आज मुलीपुढे रेल्वे, पोलीस किंवा शासकीय नोकरी एवढेच दार आहे. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरे. पण त्याला वरच्या पातळीवरच्या कामगिरीचे प्रमाणपत्र लागते, आणि ती कामगिरी करायची तर या मधल्या चार-पाच वर्षांत खेळत राहावे लागते. फिरून गाडी तिथेच येऊन अडते.

बेणेमळ्यावरून एक गोष्ट

आता आपल्या शेतीच्या भाषेत सांगतो. को ८६०३२ सारखा वाण संशोधन केंद्रातून निघाला. पण संशोधन केंद्रातली कांडी कुणी थेट सभासदाच्या दहा एकरात लावत नाही. आधी मूलभूत बेणे. ते कारखाना आपल्या देखरेखीखालच्या मळ्यात वाढवतो, त्याचे पायाभूत बेणे होते. त्यापासून निवडक शेतकऱ्यांच्या रानात प्रमाणित बेणे होते, आणि मग ते सर्वांच्या लागणीला जाते. मधली ही तिहेरी रीत कशासाठी? रोग दिसला तर तिथेच उपटता यावा, भेसळ तिथेच काढता यावी, आणि शेतकऱ्याच्या हाती खात्रीचे बेणे पडावे यासाठी. हा मधला मळा पैसा खातो, वेळ खातो, त्यातून लगेच गाळपाला ऊस येत नाही. तरी कारखाना तो चालवतो, कारण तो बंद केला तर दोन-चार वर्षांत उतारा बोंबलतो हे आपल्याला अनुभवाने कळलेले आहे.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण हाच मळा वगळून टाकला आहे. किशोर-कुमार गटात रोपे तयार करायची आणि एकदम गाळपाला पाठवायची.

गंमत बघा, अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी चालते. तिथे अठराव्या वर्षी पोराची निवड होते, पण बहुतेकांना लगेच मोठ्या संघात उतरवत नाहीत. वरच्या लीगमध्ये ३२ संघ आहेत, आणि त्या प्रत्येकाला जोडलेला खालच्या लीगमधला एक संघ आहे. पोरगे तिथे दोन-तीन वर्षे मुरते. पगार घेते, मोठ्या माणसांचे धक्के खाते, चुका करते, आणि मग वर जाते. अशा खालच्या संघाला तिकडे काय म्हणतात ठाऊक आहे? ‘फार्म टीम’, म्हणजे शेतावरचा संघ! शेतीचा शब्द त्यांनी उचलला आणि रीतही उचलली. आपण खरे शेतकरी, आपल्याला ती कुणी शिकवायला नको.

मुंबईच्या क्रिकेटनेही हे ओळखले होते. शाळेची हॅरिस शील्ड आणि रणजी करंडक यांच्या मधे कांगा लीग आहे. १९४८ पासून चालू असलेल्या या पावसाळी स्पर्धेत शाळकरी पोरे कसोटी खेळलेल्या माणसांसमोर उभी राहिली. त्याच्या पुढे टाइम्स शील्डसारख्या कचेऱ्यांच्या स्पर्धा, म्हणजे नोकरी. दादरच्या शिवाजी पार्कवर नुसती माती चांगली आहे म्हणून क्रिकेटपटू उगवले नाहीत. मधल्या पायऱ्या ठाकठीक होत्या म्हणून उगवले.

लीगवाल्यांनीही हे काही अंशी ओळखले आहे. २०१७ मध्ये त्यांनी नव्या पोरांचा शोध घेणारी मोहीम काढली आणि २०२२ पासून युवा कबड्डी सिरीज नावाची तरुण मुलांची स्पर्धा सुरू झाली. चांगले झाले. पण त्या चाळणीपर्यंत पोचणारे पोर आधी खाऊनपिऊन, मॅटवर सराव करून तयार व्हावे लागते. मातीवर वाढलेल्या पोराला मॅटवर बूट घालून वळताना पहिले सहा महिने पायच आवरत नाही. तेवढा काळ त्याला सांभाळणार कोण?

कारखान्याने काय करावे?

आता मुद्द्यावर येतो. कारखान्यांनी पैलवान सांभाळले, ही काही नवी गोष्ट नव्हे. वारणेची कुस्ती मैदाने सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. कागलच्या शाहू कारखान्याने मानधन कुस्ती स्पर्धा घेऊन कार्यक्षेत्रातल्या मल्लांना मानधन देण्याची रीत घातली. स्पर्धेत निवडायचे आणि त्यानंतर खुराकासाठी पैसे द्यायचे, ही त्यातली मेख आहे. पैसा बक्षिसाच्या रूपाने एका रात्रीत उडत नाही, तो पोराच्या अंगी लागतो. हीच पद्धत कबड्डीसाठी घ्यावी. माझी सूचना अशी:

पहिली गोष्ट, अठरा ते बावीस वयाचे दहा खेळाडू निवडावेत, पाच मुले आणि पाच मुली. सभासदाचे अपत्य असावे, किंवा कार्यक्षेत्रातल्या शेतमजुराचे, तोडणी-वाहतूक कामगाराचे असले तरी चालावे. निवड संचालकांनी करू नये. एक पंच, एक क्रीडाशिक्षक आणि बाहेरच्या जिल्ह्यातला एक जुना खेळाडू अशा तिघांनी सर्वांसमोर चाचणी घेऊन करावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला महिन्याला तीन हजार रुपये मानधन, जास्तीत जास्त तीन वर्षे. अट एकच, महाविद्यालय, आयटीआय किंवा एखादा कामाचा अभ्यासक्रम चालू ठेवला पाहिजे. खेळ संपला तरी पोर उपाशी राहू नये, यासाठी ही अट.

तिसरी गोष्ट, अपघात आणि शस्त्रक्रियेचा विमा. कबड्डीत गुडघ्याचा स्नायुबंध तुटणे ही नेहमीची दुखापत. त्याची शस्त्रक्रिया गरिबाला झेपत नाही, म्हणून पोरगे हळद-तेल चोळून पुन्हा मैदानात उतरते आणि कायमचे लंगडे होते.

चौथी गोष्ट मुंबईची. दरवर्षी यातल्या तिघा-चौघांना थंडीच्या हंगामात दोन महिने लालबाग-परळ-दादरच्या एखाद्या मंडळाकडे सरावाला पाठवावे. मंडळांनाही गडी हवे असतात, कारण टॉवर झाले आणि चाळीतली माणसे उपनगरात गेली. राहण्याची सोय कशी होईल? अजूनही कित्येक गावांच्या गावकीच्या खोल्या गिरगाव, लालबाग, परळात आहेत. ज्या गाळ्यात आपल्या आज्याने वळकटी टाकली, त्याच गाळ्यात नातवाला दोन महिने पथारी पसरू द्यावी, एवढी विनंती आपल्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळांना करता येईल. इमारतींचा पुनर्विकास होऊन या खोल्या हातच्या जाण्याआधी ती करावी हे बरे.

पैशाचे काय? हिशेब साधा आहे. गाळप पाच लाख टनांचे धरा. टनाला एक रुपया धरला तर पाच लाख रुपये होतात. दहा जणांचे मानधन वर्षाला ३ लाख ६० हजार. उरलेल्या १ लाख ४० हजारांत विमा, बूट, प्रवास आणि मुंबईचा खर्च बसवावा. एकरी चाळीस टन पिकवणाऱ्या सभासदाचे एकराला चाळीस रुपये गेले. चहा-भज्यालाही आपण याहून जास्त घालवतो.

काही शंका

यावर लोक काय म्हणतील ते मी जाणून आहे. पहिली शंका, उसाचे बिल वेळेवर निघत नाही आणि हे कबड्डीला पैसे वाटायला निघाले! शंका रास्त आहे. बिल आधी, यात दुमत नाही. म्हणूनच ही रक्कम बिलातून परस्पर कापू नये. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा, आणि ज्याने लेखी संमती दिली त्याचीच घ्यावी. निम्म्या सभासदांनी दिली तर पाच खेळाडू घेऊ. कुणावर सक्ती नको.

दुसरी शंका वशिल्याची. संचालकाचा भाचा आणि चेअरमनच्या वाडीचे पोर, असे होणार असेल तर योजना न केलेली बरी. त्यावर उपाय उघडपणाचा. चाचणीचे गुण, कुणाला किती रक्कम दिली, कोण किती दिवस सरावाला हजर होते, हे सगळे दर तीन महिन्यांनी याच पत्रिकेत छापावे. आपल्या गावात लपत काही नाही. कागदावर आले की बोलणाऱ्याला पुरावा मिळतो आणि वशिला लावणाऱ्याला लाज वाटते.

तिसरी शंका, आपण आधीच गावोगाव स्पर्धा घेतो, आणखी कशाला? मंडळी, याच ठिकाणी थोडे कडू बोलतो, राग मानू नका. एका रात्रीच्या स्पर्धेला लाखाचे बक्षीस, मांडव, ध्वनिक्षेपक, कमानी आणि सत्काराचे नारळ यांत जो पैसा जातो, त्यातला किती आपल्या पोराच्या पोटात जातो? बक्षीस न्यायला बाहेरून भाड्याने आणलेले गडी येतात आणि रातोरात निघून जातात. आपले पोर त्या रात्री पाण्याच्या बाटल्या वाटत असते. स्पर्धा जरूर व्हाव्यात, त्यात गावाचा आनंद आहे. पण दहा स्पर्धांतल्या दोन कमी करून तो पैसा मानधनाकडे वळवला तर गावाचे काहीच कमी होणार नाही.

चौथी शंका आयाबायांची असते, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. ‘खेळून पोट भरत नाही, पोरगं वाया जाईल, पोरीचं लग्न कसं होईल?’ त्या माउलीचे चुकत नाही. तिने खेळाच्या नादाने रिकामी झालेली पोरे पाहिली आहेत. तिला आपण शब्द देऊ शकतो तो एवढाच की, तीन वर्षे तुझे लेकरू आमच्या नजरेखाली राहील, त्याचे शिक्षण तुटणार नाही, ते पडले तर उचलायला आम्ही आहोत. खेळात पुढे गेले तर सगळ्या गावाचे नाव होईल. न गेले तरी निरोगी अंगाने, हातात प्रमाणपत्र घेऊन घरी परत येईल.

सहकार म्हणजे तरी दुसरे काय? एकट्याच्या उसाला कुणी दाम देत नव्हते, म्हणून आपण सगळ्यांचा ऊस एका गव्हाणीत टाकला. एकट्या बापाला जे झेपत नाही ते हजार जणांनी रुपया-रुपयाने उचलायचे, एवढाच त्याचा अर्थ. गिरण्या गेल्या, त्या परत येणार नाहीत. बँका आणि कंपन्या आपल्यासाठी थांबणार नाहीत. पण कारखाना आपला आहे, आणि त्याने काय करायचे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी, सगळे जेवायला उठल्यावर येऊ नये. ज्यांना ही सूचना पटत असेल त्यांनी आपापल्या गटातून पंधरा-वीस सह्या करून रीतसर अर्ज आधीच कार्यालयात द्यावा. ज्यांना पटत नसेल त्यांनीही यावे आणि सभेत उभे राहून बोलावे. वाद होऊ द्या. फक्त एक करा, सभेला निघण्याआधी आपल्या गावातल्या कुमार गटातून यंदा बाहेर पडलेल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला विचारून या, ‘पुढे काय करणार रे बाळा?’ तो जे सांगेल ते सभेत येऊन सांगा. ठरावाचा मजकूर त्यातून आपोआप तयार होईल.